बोर्ड पडला पालथा

हसणार न्हाई म्हणत असाल तर सांगतो. हसणारच म्हणा तुमी, पण चहाचा कप तेवढा आधी खाली ठेवा!

दुष्काळाचं साल. दिंद्रुडात माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान, अन गावच्या दूध सोसायटीची सभा तोंडावर आलेली. चेअरमन अण्णा म्हणले, "दरवेळी वायरी उपटत बसतोस. माइक, गाणी, सगळं बटणावर कर. जमलं तर सोसायटीचं वर्षभराचं काम तुझं."

मग काय! विकतचं बटणांचं खोकं कशाला, बोर्डच बनवतो म्हणलं. तांब्याचा थर असलेली पट्टी आणली, बायकोच्या नेलपॉलिशनं पट्टीवर वायरींच्या जागी रेघा ओढल्या, बाकीचं तांबं केमिकलमधी उडवलं. बटणं तीन. एक नंबर अण्णांचा माइक, दोन नंबर गाणी, तीन नंबर माझ्याजवळचा टेस्टिंगचा माइक. दोन नंबर दाबून बघितला. गाणं खणखणीत!

बायको म्हणली, "अन बाकीची बटणं?"

"एक वाजलं की सगळी वाजतात. तुला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य ध्यानात ठेवा.

सभेत अण्णा बोलायला उठले. मी ऐटीत एक नंबर दाबला. मी मंडपामागं, शेजारी जनरेटर धडधडायलेला, काय ऐकू येईना. म्हणून दोस्त बबनला वरडून म्हणलं, "आता अण्णाचं तासभर गुऱ्हाळ! जनावरं पाण्यावाचून हंबरायलीत. टँकर कधी आणतो ते सांग अन बस म्हणावं खाली!"

मंडपात टाळ्यांचा कडकडाट. तेवढा मातर जनरेटरच्या वर ऐकू आला.

"बघ बे! अण्णा लई भारी बोलायलेत वाटतं. सगळी माझ्या बोर्डाची कमाल!"

आता तर शिट्ट्या!

तेवढ्यात बायको पळत आली. "आवं, तोंड झाका! अण्णा नुसतं तोंड हलवायलेत, आवाज तुमचा यायलाय!"

मी बोर्ड उचलून पालथा करून बघितला. रेघा मी वरून बघून ओढल्या, अन तांबं तर बोर्डाच्या खालून! आरशातल्यागत सगळा बोर्ड उलटा. एकाच्या जागी तीन, तिनाच्या जागी एक. मधला तेवढा मधीच, अन मी नेमका तोच तपासलेला.

घाईघाईनं तीन नंबर दाबला. अण्णांचा पहिलाच शब्द, "उद्या! टँकर उद्या येतोय!"

आला बरं का. म्हशी पोटभर पाणी पिल्या, लई बरं वाटलं. पण माझ्या कामाचं काय? भीत भीत अण्णांकडं गेलतो.

"काम पक्कं," अण्णा म्हणले. "टँकर आला की गावाला हाळी द्यायची."

मी खूश! "मंग भोंगा कुठं बांधू, अण्णा?"

"भोंगा कावून लागतोय? तू हाय की!"