शकुनबाईची बोलीची भिशी

अकोल्याच्या भाजीबाजारात शकुनबाई झेंडू विकते, पण तिचा खरा तोरा पाहावा तो भिशीच्या दिवशी. बाया दर महिन्याला वर्गणी टाकतात आणि जमलेल्या रकमेवर बोली लागते. जिला निकड असते ती म्हणते, "मले थोडे कमी द्या, पण आजच द्या." तिनं सोडलेले पैसे बाकीच्यांत वाटले जातात, तेच त्यांचं व्याज. दसऱ्याआधी सगळ्यांनाच माल भरायचा असतो, तेव्हा बोली अशी चढते की विचारू नका. पितृपक्षात हारफुलांचा धंदा बसला, की बोलीकडं कुणी ढुंकून पाहत नाही.

यंदा गावातल्या एका पतसंस्थेनं शटर ओढलं आणि बाजाराची झोपच उडाली. दुसऱ्या सकाळी साऱ्या बाया शकुनबाईच्या टोपल्यांपुढं हजर. "आमचे पैसे वापस दे." आता ते काय तिच्या कनवटीला होते? वांगी विकणाऱ्या मैनाबाईनं ते बोलीत उचलून नवी हातगाडी घेतली होती. भिशी मोडली तर गाडी विकावी लागणार, आणि ती तर कालच गाडीला हळदकुंकू लावून बसलेली. शकुनबाईनं हातातला हार खाली ठेवला.

"ज्या बाईले निघायचं असंन, तिनं आपला वाटा इथंच विकावा," ती म्हणाली. "कोन घेते, बोला."

जाईबाई पुढं सरकली. कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा मोजून घेणारी बाई ती. "हर्षाचा वाटा मी घेतो. शंभराचे ऐंशी."

पैसे मागण्यात सगळ्यांत पुढं असलेली, लिंबं विकणारी हर्षा चपापली. "ऐंशी काहून?"

"तुले भेव वाटून राहिलं, मले नाई. भेवाचे वीस कापले."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. जाईबाईसारखी चिक्कू बाई गाठीचे पैसे लावते, म्हणजे भिशी काही बुडत नाही, एवढं कळायला शाळा कशाला लागते? हर्षानं नव्वद मागितले. जाईबाई कबूल. तेवढ्यात मागून कुणीतरी पंच्याण्णव म्हणालं. मग हर्षानं पदर खोचला. "जा, मले विकायचाच नाई."

एकीनंही वाटा विकला नाही. इतक्यात मैनाबाई वांग्यांनी भरलेली गाडी ढकलत आली. "काहून जमल्या वो साऱ्या?"

"तुई गाडी पाहाले," शकुनबाई म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. खूप बरं वाटलं तिला.

फक्त जाईबाई फुरंगटून बसली होती. चांगली कमाई हातची गेली ना! शकुनबाईनं टोपलीतला सगळ्यात मोठा हार काढून तिच्या गळ्यात घातला. जाईबाईनं तो उतरवला, झटकला आणि पहिल्याच गिऱ्हाइकाला पूर्ण भावानं विकला.