उताऱ्यात नसलेली मुंबई

चिंतामणी गुरुजींनी शिष्यवृत्तीच्या वर्गाला हयातभर उतारे शिकवले. उतारे स्वतःच रचायचे. ‘रघूने छत्री काखोटीला मारली. गोदाने वाळत घातलेली कोकमाची सोलं आत आणली.’ यावरून काय समजतं? एकाने लिहिलं, रघू मुंबईला चालला. गुरुजी म्हणाले, “मुंबई उताऱ्यात नाही. ती तू घातलीस.” मी त्याच वर्गात होते, आता त्यांची शेजारीण आहे. आमच्या आळीत कुणी फुकटचा संशय घेतला की अजून म्हणतात, मुंबई घालू नकोस.

अशा माणसाने घरच्या उताऱ्यात मुंबई घालावी, याचा मला आजही राग येतो.

भाट्याला असलेल्या त्यांच्या बागेतली आंब्यांची पहिली पेटी विकायची नाही, ती मुलाकडे जायची, हा त्यांच्या घरचा रिवाज. एका वर्षी सलिलने ठाण्याहून फोन केला, “बाबा, यंदा पेटी पाठवू नका.” गुरुजींनी लगेच ताडलं, सुनेला आपला कंटाळा आला. पेटी नको म्हणजे नातं नको. तडकून म्हणाले, “मग तुम्हीही इकडे यायची तसदी घेऊ नका.” सलिलने फोन ठेवला. तोही त्यांचाच मुलगा.

खरं तर मे महिनाभर रजा काढून ती सगळी इथेच येणार होती. नातीला, स्वानंदीला, आजोबांबरोबर गवतात आंबे लावून अढी घालायची होती. त्यांना चकित करायचं म्हणून कुणी बोललं नव्हतं. पावसाळ्यात सुनेने हे मला फोनवर सांगितलं आणि मी गुरुजींना. सुपारी कातरता कातरता त्यांचा हात थांबला. त्यांनी सलिलची माफी मागितली, त्यानेही मनात ठेवलं नाही. पण पुढे स्वानंदीची दहावी आली, मग क्लास. तो महिना गेला तो गेलाच.

यंदा अढी उतरवताना स्वानंदीचा मेसेज आला, ‘आजोबा, आंबे पिकले का?’ गुरुजींनी फोन माझ्यापुढे धरला. “दीपाली, यावरून काय समजायचं?”

“पोरीला यायचंय, गुरुजी. बोलवा तिला.”

“तसं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत त्यांनी उत्तर पाठवलं. ‘हो, पिकले.’

मला रडू आलं. तिकडून नुसता एक अंगठा आला. त्याचा अर्थ गुरुजींनी विचारला नाही.