पाणी मागणारे हवालदार

“बाई बाळंतपणाला माहेरी गेली, म्हंजे खोली सोडली असंच धरायचं की, हवालदार!”

काका हसत म्हणाले. मी माडीच्या खिडकीत होते. खाली अंगणात आमची भाडेकरू इंदू उभी होती, खांद्यावर तान्हं मूल, पायाशी माहेराहून आणलेलं गाठोडं. तिच्या खोलीला काकांचं नवं कुलूप होतं. शेजारणीनं बोलावून आणलेले हवालदार मात्र नेहमीसारखे म्हणाले, “वैनी, जरा पाणी द्या.”

इंदू रडायलाच लागली. “कशातनं देऊ, मामा? तांब्या आत हाय माझा.”

“मग उघडा की मालक. मला तहान लागलीया.”

काकांचं हसू गेलं. त्यांनी किल्ली दिली नाही, फौजदारांना बोलावणं धाडलं.

आमच्या पेठेत या हवालदारांना सगळे ‘पाणीवाले हवालदार’ म्हणत. गस्तीवर निघाले की भाड्याच्या प्रत्येक खोलीपुढं थांबून ते पाणी मागायचे. पोरं मागून ओरडायची, “मामा, पंचगंगा आटली!” ते मिशीतल्या मिशीत हसायचे, पण घोटभर प्यायचेच. संस्थान विलीन झालं, मुंबईचा भाडेकायदा इकडे आला आणि भाडेकरूला हलवणं अवघड झालं. मग घरमालकांनी युक्त्या काढल्या. कुणी दुरुस्तीच्या नावाखाली कौलं उतरवली, कुणी संडासाला कुलूप घातलं. कुणी भाडेकरू गावाला गेल्यावर खोली रिकामी केली आणि इथं कुणी राहतच नव्हतं, असं चौकीत सांगितलं. “पानी देनारं मानूस त्या घरचंच असतंय,” हवालदार म्हणायचे. “मी प्यालो, मी साक्षीदार झालो.”

घरमालकाचा चहा मात्र त्यांनी कधी घेतला नाही. काकूनं कपबशी पुढं केली की म्हणायचे, “नको वैनीसाब, पित्त खवळतंय.” आणि शेजारच्या भाडेकरूच्या खोलीत बसून भुरके मारत चहा प्यायचे, काकांना ऐकू जाईल असे.

साधू नव्हते ते. तोंड शिवराळ होतं. भाडेकरूंवरही खेकसायचे, “तुमी गप बसताय म्हणून ह्यांचं फावतंय!” मी पाचगणीच्या इंग्रजी शाळेतून नुकतीच परतले होते. घरात मला ‘मुकी मडम’ म्हणत, कारण मी फार बोलत नसे. हवालदारांनी एकदा दारातच विचारलं, “ताईसाब, इंग्रजीत घरमालकाला काय म्हणत्यात?”

“लँडलॉर्ड,” मी पुटपुटले.

“लॉर्ड? ते तर गेले की बोटीत बसून! हे कसं ऱ्हायलं मागं?”

मी मोठ्यानं हसले. आमच्या घरात त्या महिन्यात मी हसले ते तेवढंच.

इंदूचा नवरा कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात होता. हंगामात तिकडंच राहायचा. ती माहेरी गेल्यावर एका दुपारी काकांनी गड्याला बरोबर घेऊन तिचं कुलूप तोडलं. भांडी, अंथरुणं, बाळासाठी टांगून ठेवलेली झोळीसुद्धा काढली. घरातल्या प्रत्येकानं ते पाहिलं आणि आपापलं काम चालू ठेवलं. काका हात धुऊन पानावर बसले. आमटी फक्कड झाली म्हणाले, दुसऱ्यांदा मागून घेतली. त्या आमटीचा राग मला अजून येतो.

या प्रकरणानंतर हवालदारांची बदली जयसिंगपूरकडं झाली. काकांनी ओळखी कामाला लावल्या होत्या. कुणी हार घातला नाही, कुणी नारळ दिला नाही. ज्यांच्या खोल्या त्यांनी राखल्या, त्यांतलेही बरेचसे त्या दिवशी घरमालकाच्या भीतीनं दार ओढून बसले. नवा हवालदार आला तो थेट काकांच्या बैठकीत बसला, चहाला नाही म्हणाला नाही. पाणीवाल्या हवालदारांचं पुढं काय झालं, मला कधी कळलं नाही. विचारायचं तरी कुणाला? आमच्या घरात त्यांचं नाव काढायची बंदी होती.

तर इंदू परतली त्या दिवशी फौजदार आले. काकांनी खुर्ची दिली, चहा आला. इंदू उन्हात उभीच होती.

“ही दिवाणी बाब आहे,” फौजदार चहा पीत म्हणाले. “बाईनं कोर्टात जावं.”

“सायेब, कुलूप तोडून सामान नेलंय,” हवालदार म्हणाले. “ह्यात दिवाणी काय आलं?”

“तोडताना पाहिलं कुणी?”

हवालदारांनी मान वर केली. त्यांची नजर खिडकीवर आली, माझ्यावर थांबली. मी रोज तिथं बसते, तिथून सगळं अंगण दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या लग्नाची बोलणी चालली आहेत, हेही पेठेला ठाऊक होतं. त्यांनी नजर खाली घेतली.

“न्हाय सायेब. बघनारं कुनी न्हाय.”

तो माणूस माझ्यासाठी खोटं बोलला. कायम दरडावून बोलणारा तो आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता, आणि काका खुर्चीत आरामात रेलून बसले होते. मी जिना उतरले. काकूनं दंड धरला, तो सोडवून घेतला. अंगणात सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. काका म्हणाले, “आत जा गं.”

मी गेले नाही.

“फौजदारसाहेब, कुलूप काकांनी तोडलं. मी पाहिलं. इंदूचं सामान आमच्या गोठ्याच्या माळ्यावर आहे. माझं नाव घालून लिहून घ्या.”