स्वाकोपमुंडची फुलं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. हॅनोव्हरला आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध जर्मन गृहस्थ राहायचे. कुणी काहीही बोललं की आधी "गेनाऊ, अगदी बरोबर" म्हणायचे. जिना झाडता झाडता आफ्रिकेतल्या आपल्या जन्मगावाबद्दल, स्वाकोपमुंडबद्दल सांगायचे. तिथे वाळवंट थेट समुद्रात उतरतं.

आम्ही तिकडे फिरायला निघालो, तेव्हा त्यांनी आईच्या थडग्यावर फुलं वाहायला सांगितलं. तिथे पोचल्यावर बायको म्हणाली, "अहो, सहलीला येऊन स्मशानात कसले जाता?" गेलो नाही. परतल्यावर मात्र "वाहिली" म्हणालो. तेव्हापासून जिना झाडायची आमची पाळीही तेच उरकू लागले.

पुढे ते वृद्धाश्रमात गेले. माफीचं वाक्य पाठ करून मी भेटायला गेलो. ते म्हणाले, "आईच्या फुलांचं पुन्हा सांगा ना."

"पिवळी होती," मी म्हणालो.