घोळकाकांची पाकिटं

आमच्या कॉलेजात ओळखपत्रं वाटणाऱ्या कारकुनाला सगळे घोळकाका म्हणत. हे नाव मीच पाडलेलं. प्रवेशाच्या खिडकीवर मी बसते आणि माझं डोकं लवकर तापतं.

तापणार नाही तर काय? सत्र सुरू झालं की आठ-दहा नव्या मुलांना हटकून भलत्याचंच ओळखपत्र मिळायचं. पाकिटावर नाव एकाचं, आत कार्ड दुसऱ्याचं. कार्डाशिवाय वाचनालयात पाऊल ठेवू देत नाहीत, त्यामुळे पोरं कावरीबावरी होऊन माझ्या खिडकीशी. काका शेजारच्या खोलीतून सांगत, "ज्याचं कार्ड आलंय त्याला शोध बाळा, तुझं त्याच्याकडे असेल." की पुन्हा पाकिटं भरायला मोकळे! मी ओरडायचे, "काका, एकदा डोळे तपासून घ्या." ते "हो बाई" म्हणत. अकरा वर्षं हेच.

यंदा नवे प्राचार्य आले. त्यांनी बजावलं, आता एक जरी चूक झाली तर काकांची रवानगी तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पंधरा दिवस काकांच्या हातून एकही घोळ झाला नाही. मग एका दुपारी मी शिक्का आणायला त्यांच्या खोलीत गेले, तर ते खिडकीतून बाहेर बघत उभे होते. समोरच्या पायऱ्यांवर एक नवी मुलगी कानाला फोन लावून बसली होती.

"फोन बंद आहे तिचा," काका म्हणाले. "तीन दिवस बघतोय. एकटी दिसू नये म्हणून नुसता धरून बसते."

त्यांनी टेबलावरून दोन पाकिटं उचलली आणि माझ्यादेखत आतली कार्डं बदलली. दुसरं कार्ड होतं मधल्या सुट्टीतही वर्गातच बसून राहणाऱ्या एका मुलीचं.

"काका! हे काय चाललंय?"

"माझ्याशी बोल, असं कुणाला जाऊन म्हणता येत नाही, बाई. कार्ड मागायला जाता येतं."

"आणि तळघरात पाठवलं तर?"

"घरी तरी कोण आहे बोलायला? इथं निदान मुलं दिसतात." एवढं बोलून त्यांनी पाकिटं चिकटवली.

दुसऱ्या दिवशी दोघी मुली मिळूनच खिडकीवर आल्या. एकमेकींना ढोसत, हसत. "मॅडम, गंमत झाली! माझं कार्ड हिच्याकडे आणि हिचं माझ्याकडे!" नेमके प्राचार्य माझ्या मागे उभे.

"ही चूक कोणाची?" त्यांनी विचारलं.

माझी, असं म्हणता आलं असतं. वीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं. एका चुकीने माझं काही बिघडलं नसतं. पण मी मान खाली घालून रजिस्टर चाळत राहिले. त्याची मला अजून लाज वाटते.

काकांची तळघरात रवानगी झाली. तिथं जायचा धीर व्हायला मला महिना गेला. डबा घेऊन खाली उतरले. दिव्याखाली काका एकटेच बसले होते. मला बघून लगबगीने उठले.

"कुठली फाइल, बाई?"

"फाइल नको, काका. तुमच्याबरोबर जेवायला आलेय."

"हो हो, देतो ना," म्हणत ते महिनाभराच्या सवयीने कपाटाकडे वळले. "साल तेवढं सांगा."