झारीतलं शिळं पाणी

कचेरीच्या आवारात त्याला सगळे 'कंजूष माळी' म्हणत आणि तो ते नाव मिरवत असे. टणटणी, बोगनवेल, गेलार्डिया, ॲडेनियम अशी कमी पाण्यावर वर्षानुवर्षं फुलणारी झाडंच त्याने वाफ्यांत आणि कुंड्यांत लावली होती. कुणी नवा शिपाई हौसेने पाइप घेऊन धावला की हा खेकसायचा, "झाडं आहेत ती, म्हशी नाहीत. आधी कुंडी उचलून बघ. हलकी लागली तरच पाणी." ॲडेनियमचं फुगीर बूड तो अंगठ्याने दाबून बघायचा. अंगठा रुतला, की आतून सडलं म्हणून समजायचं.

मग बायकोची मूत्रपिंडं निकामी झाली. दिवसाला तीन पेले पाणी, वर थेंब नको, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याला उलट थोडा धीरच आला. पाणी मोजून देण्यात त्याचा हात कोण धरणार? काचेच्या पेल्यावर त्याने लाल रंगाची रेघ मारली. कामाला निघताना तो स्वयंपाकघराला कुलूप घालायचा आणि न्हाणीघरातल्या नळाची चावी काढून खिशात टाकायचा. ती सुकलेल्या ओठांनी नुसती बघत राहायची. त्या ओठांना तो दोन्ही वेळा व्हॅसलिन लावायचा, आणि तेव्हा त्याला तिच्या डोळ्यांत बघवत नसे.

पलंगाला लागूनच गॅलरी होती. तिथल्या दहा कुंड्या त्याने तिच्याकडे सोपवल्या, तेवढाच जीव रमेल म्हणून. नळाचं पाणी दिवसभर शिळं करूनच झाडांना घालायचं, हा त्याचा जुना नेम. रोज संध्याकाळी तो झारी भरून गॅलरीत ठेवायचा, दुसऱ्या दिवशी ती पाळीपाळीने दोन कुंड्यांना पाणी घालायची. निदान तसं ठरलं होतं.

महिनाभरात तिचे पाय सुजले. त्याने घोट्यावर अंगठा दाबला आणि खड्डा पडला तो पडूनच राहिला. घरात दुसरं येणारं माणूस एकच, दुपारी आईचं बघायला येणारी मुलगी.

"तू पाजतेस तिला," तो म्हणाला.

"नाही हो बाबा. मला काय तिचा जीव जड झालाय?"

"मग पाणी आलं कुठून? उद्यापासून येऊ नकोस. शेजारच्या मावशी बघतील."

मुलगी पदराने डोळे पुसत जिना उतरली. बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तिला बोलू नका हो."

"मग कुणाला बोलू?"

नंतर दोनदा तिने मुलीला बोलवा म्हणून विनवलं. तो बधला नाही. गॅलरीतली बोगनवेल मात्र पानं दिसू नयेत इतकी फुलली होती. मावशींनी कौतुक केलं, तर म्हणाला, "पाणी तोडलं की अशीच फुलते ती."

पंधराव्या दिवशी पहाटे तिच्या छातीत पाणी भरलं. दवाखान्याच्या दारापर्यंतही ती पोचली नाही.

सगळं उरकल्यावर चौथ्या दिवशी तो गॅलरीत गेला. कुंड्या आत घ्याव्यात म्हणून बोगनवेलीची कुंडी दोन्ही हातांनी उचलली, आणि ती रिकाम्या डब्यासारखी वर आली. दुसरी उचलली, तीही तशीच; चार दिवसांत कुंडी एवढी सुकत नाही. झाडं जेमतेम तग धरतील एवढाच घोट त्यांच्या वाट्याला येत असावा. त्याने झारी हातात घेतली. तोटीला व्हॅसलिन लागलेलं होतं. ते त्याने बोटाने पुसलं आणि तो तिथेच फरशीवर बसला. घरातला थेंबन् थेंब बंद करून हा शहाणा रोज स्वतःच्या हाताने झारी भरून तिच्या उशाशी ठेवत होता. झारीतलं पाणी झाडांचं, ते माणूस पिईल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

मुलगी दारात उभी होती. आईच्या शेवटच्या पंधरा दिवसांत तिने या घरात पाऊल टाकलं नव्हतं.

"तू नव्हतीस पाजत," तो म्हणाला.

"सांगत तर होते."

त्याला माफी मागायची होती. तिला ऊन लागलं होतं. तिने पाणी मागितलं. तो उठला, हाताला आला तो पेला घेऊन माठातून पाणी ओतलं, आणि लाल रेघेशी त्याचा हात आपोआप थांबला.

मुलीने रेघ पाहिली. तेवढंच पाणी पिऊन तिने पेला खाली ठेवला. आणखी मागितलं नाही.