जुबेदाची पेटी

जुबेदाच्या पायाला भिंगरी आहे, असं तिचे वडील दादामियाँ म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे, तक्रारीच्या सुरात म्हणत. रविवार पेठेत त्यांचं तसबिरींच्या चौकटी करण्याचं दुकान. ते सांभाळायचं सोडून राज्यशास्त्रात एम. ए. झालेली, चौतिशीची ही मुलगी खांद्याला झोळी अडकवून दारोदार हिंडते आणि लोकांना विचारते काय, तर मत कुणाला दिलंत! दादामियाँना हा उद्योग कधी कळला नाही. तरी तिची पेटी त्यांनीच करून दिली होती. चौकटींच्या उरलेल्या पट्ट्यांची, वर चीर पाडलेली, पुढे इवलंसं कुलूप.

शनिवार पेठेतल्या एका संशोधन संस्थेसाठी जुबेदा दर निवडणुकीनंतर सर्वेक्षण करायची. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं उचललेली असत आणि नेमकं त्याच माणसाला गाठावं लागे. तो घरी नाही म्हणून त्याची बायको चालत नसे, शेजारी तर नाहीच नाही. बाकीचे प्रश्न तोंडी विचारायचे. मताची पाळी आली की चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका हातात द्यायची आणि आपण पाठ फिरवायची. समोरच्याने खूण करून, घडी घालून ती पेटीत टाकायची. पाठ फिरवण्यात जुबेदा इतकी काटेकोर होती, की एकदा मागे सरकता सरकता तिचा पाय गटारात गेला होता. तशाच ओल्या चपलेने तिने पुढची तीन घरं केली.

नव्याण्णव सालची गोष्ट. मतदान होऊन गेलं होतं, मोजणीला अजून अवकाश होता. जुबेदाच्या यादीत मार्केट यार्डाजवळच्या वस्तीतलं एक नाव होतं, मैनाबाई, वय साठ. तीन खेपा फुकट गेल्या. दारात दर वेळी मुलगा, मच्छिंद्र. यार्डात हमालांच्या टोळीचा मुकादम, दांडगा पण मायाळू.

"आईला काय इचारता? तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दर बारीला मी तिला हाताला धरून नेतो, शिक्का बी मीच मारतो. मला इचारा की!"

"यादीत तुमचं नाव नाही," जुबेदा म्हणाली.

चौथ्या खेपेला तिने मैनाबाईंना थेट यार्डात गाठलं. कांद्याच्या ढिगाशी बसून, एकेक कांदा हाताने चाचपून त्या सडका वेगळा काढत होत्या. जुबेदाने संस्थेचं नाव सांगितलं, काम सांगितलं. मैनाबाईंनी त्यातलं किती ऐकलं कोण जाणे.

"मत दिलंत का, मावशी?"

"दिलं की. मच्छिंद्रानं दिलं."

"पण तुम्हाला कुणाला द्यायचं होतं?"

मैनाबाईंचा हात थांबला. असं त्यांना कुणी विचारलंच नसावं. जुबेदाने कागद आणि पेन्सिल दिली. तो त्यांनी नाकाला टेकेल इतका जवळ नेला. चिन्हं मोठी होती, तेवढी दिसत होती. जुबेदा पाठ करून उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पलीकडे ट्रक रिकामे होत होते, हमाल ओरडत होते. घाईच्या स्वभावाची जुबेदा जागच्या जागी पाय बदलत होती. शेवटी पेटीत कागद पडल्याचा आवाज आला.

वळून बघते तर म्हातारीने डाव्या हाताचं बोट पुढे केलेलं. मच्छिंद्रबरोबर मतदानाला गेल्याची शाई एका बोटावर होती, हे दुसरं.

"शाई लाव की गं. आन् ही पेटी तिकडं न्हेनार न्हवं? खऱ्या पेटीत घालनार न्हवं माझं मत?"

सांगायला हवं होतं. जुबेदाला ते तेव्हाही ठाऊक होतं. पण त्या तोंडावर काय आनंद होता! जन्मभर दुसऱ्याच्या हाताने मत दिलेल्या बाईने पहिल्यांदा आपल्या हाताने खूण केली होती. जुबेदाने झोळीतलं बॉलपेन काढलं आणि त्या बोटावर रेघ ओढली.

"घालणार, मावशी," ती म्हणाली.

त्या दोन शब्दांनी तिची झोप उडवली. संध्याकाळी संस्थेत फॉर्म भरताना 'मतदान केले का' या प्रश्नापुढे तिने 'होय'वर खूण केली, खोडली, 'नाही'वर केली, तीही खोडली. काम तपासणाऱ्या वासंतीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"अहो जुबेदा, बाई एक तर गेली किंवा नाही गेली. तिसरा रकाना छापायला आपल्याकडे पैसे नाहीत."

जुबेदाने सगळं सांगून टाकलं. वासंतीबाईंनी फॉर्म बाजूला ठेवला.

"आपण लोकांना विचारायला जातो, खूश करायला नाही. जा आणि खरं काय ते सांगून या."

'सांगून या' म्हणणं सोपं होतं! दोनदा ती वस्तीच्या तोंडाशी गेली आणि परतली. घरी बसवेना, दुकानात थांबवेना. जेवताना उठून खिडकीशी जायची. "बस की गं जरा," दादामियाँ म्हणायचे. ती बसायची आणि पुन्हा उठायची.

अखेर मोजणीच्या संध्याकाळी गेली. मैनाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या, आत रेडिओ चालू होता.

"पडला गं माझा मानूस," त्या म्हणाल्या. "पडू दे. माझं मत त्याच्यात मोजलं असंल. तेवढं तर हाय."

जुबेदा खाली बसली आणि तिने सांगितलं. ती पेटी संस्थेची होती. तुमचं मत कुठेच मोजलं गेलं नाही. मी खोटं बोलले.

मैनाबाईंनी डावा हात वर केला आणि ते दुसरं बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. बॉलपेनची रेघ केव्हाच धुऊन गेली होती.

"म्हंजे मी दिलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "मग माझा कागद तरी परत दे."

कागद संस्थेत जमा झाला होता. तेही जुबेदाने सांगितलं. मैनाबाई उठल्या, भिंत चाचपत आत गेल्या आणि दार लावून घेतलं. जुबेदाला रडू आलं, ते तिने तिथेच, वस्तीच्या बोळात, लोकांदेखत रडून घेतलं.

पुढच्या पाच वर्षांत तिने कितीतरी वस्त्या पालथ्या घातल्या, पण त्या बोळात तिचा पाय वळला नाही. दोन हजार चारच्या मतदानाच्या सकाळी मच्छिंद्र पत्ता काढत दादामियाँच्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. कानशिलांवर केस पिकले होते, चेहरा उतरला होता.

"आई माझ्यासंगं येईना. म्हनती, त्या पेटीवाल्या बाईलाच आन. तिनं माझं एक मत न्हेलंय म्हनं."

जुबेदा चहा अर्धा टाकून उठली.

मैनाबाईंना आता समोरचा माणूसही दिसत नव्हता. केंद्रावर अधिकाऱ्याने सोबतीचा कागद पुढे केला. आज दुसऱ्या कुणाची सोबतीण झाले नाही आणि हिचं मत कुणाला सांगणार नाही, असं त्यावर लिहून द्यायचं होतं. उभं आयुष्य लोकांची मतं विचारत आलेल्या जुबेदाने खाली सही केली.

पुठ्ठ्याच्या आडोशात तिने मैनाबाईंचं बोट पहिल्या बटणावर टेकवलं. वरून खाली सगळी चिन्हं क्रमाने कानात सांगितली, दोनदा सांगितली. आणि जुन्या सवयीने पाठ फिरवली. मागे बोट एकेक बटण चाचपत खाली सरकत होतं, कांदा चाचपावा तसं. जुबेदाचे पाय या वेळी हलले नाहीत. मग यंत्र लांबलचक वाजलं.

"आत्ता गेलं?" मैनाबाईंनी विचारलं.

"गेलं, मावशी. खऱ्या पेटीत."

मैनाबाईंनी तिचा दंड घट्ट पकडला आणि दाराकडे वळल्या. बाहेर मच्छिंद्र वाट पाहत उभा होता.

"कुनाला दिलं म्हून इचारशील," त्या चालता चालता म्हणाल्या, "तर सांगनार न्हाई. तुला बी न्हाई आन् त्याला बी न्हाई."